दुधनेचा पूर रानात तयार होतो

पूर ओसरला की दुधनाकाठी एक मागणी हमखास होते: पात्र खोल करा, रुंद करा. ही मागणी करणाऱ्याचं सोयाबीन कुजलेलं असतं, जमीन खरडून गेलेली असते. त्याचा राग समजण्यासारखाच आहे. पण उपाय चुकीच्या जागी शोधला जातोय. छत्रपती संभाजीनगरच्या डोंगरांत उगम पावलेली दुधना जालना ओलांडून परभणी जिल्ह्यात येते, सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना धरणात अडते आणि पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा कंठेश्वरजवळ गोदावरीत जाते. पूर्णाच दुथडी भरून वाहत असेल, तर दुधनेच्या खालच्या टप्प्यात फुगवटा येणारच. तिथं पात्र कितीही खोदलं, तरी तो खड्डा खालून आलेल्या पाण्यानंच भरतो. वरच्या टप्प्यात खोदलं तर पाणी वेगानं निघतं खरं, पण ते पुढच्या गावाच्या नळकांडी पुलावर जाऊन आदळतं.

मुळात हा पूर पात्राबाहेर, काळ्या रानात तयार होतो. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात आणि मृगाचं पाणी त्यांतून आत जिरतं. भाद्रपदापर्यंत मात्र माती भिजून फुगते, भेगा मिटतात. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी होते. पण जूनमधले ६५ आणि सप्टेंबरमधले ६५ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नंतरचं बरंचसं पाणी उतारानं थेट ओढ्याला लागतं.

‘धरणातून पाणी सोडलं म्हणून पूर आला’ हा आरोपही दरवर्षी होतो. गेटं उशिरा आणि एकदम उघडली गेली, तर तो रास्तच आहे. विसर्गाची सूचना शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचलीच पाहिजे. पण निम्न दुधना काय किंवा पूर्णेवरचं येलदरी काय, ही धरणं मुख्यतः पाणी साठवायला बांधलेली आहेत. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो दुष्काळ मराठवाड्याच्या लक्षात आहे. ऑगस्टमध्ये धरण रिकामं ठेवा असं सांगायला इथं कोण धजावेल? त्यामुळे सप्टेंबरमध्ये धरण भरलेलं असणार आणि येईल ते पाणी पुढे जाणार, हे धरूनच चालावं लागतं.

इंग्लंडमधल्या पिकरिंग गावानं वेगळी वाट धरली. तिथल्या लहानशा नदीनं २००७ साली गावात पाणी घातलं. गावातून भिंती बांधण्याऐवजी वरच्या रानात ओढ्यांवर लाकडी अडसर घातले, झाडं लावली, पाणी काही काळ थोपवणारा बांध बांधला. डिसेंबर २०१५च्या पावसात पुराचा माथा १५ ते २० टक्क्यांनी उतरला. पण तो पाऊस ३६ तासांत सुमारे ५० मिलिमीटर होता, म्हणजे आपल्या अतिवृष्टीच्या हिशेबातही न बसणारा. त्यामुळे तेवढाच गुण इथं येईल असं म्हणणं फसवं ठरेल. मोठ्या ढगफुटीपुढे बांध-बंधारे टिकत नाहीत, हा आक्षेप खराच आहे. पण दर दोन-चार वर्षांनी येणारा मधला पूर त्यांनी नक्कीच नरम होतो, आणि शेतकऱ्याला वारंवार बुडवतो तो हाच.

नाल्यांतला गाळ काढून विहिरींना पाणी वाढलं असेल, तर त्याचं श्रेय त्या कामाला द्यावं. पण त्या कामाला पूरनियंत्रण म्हणू नये. पूर नरम करायचा तर शेतातच पाणी रेंगाळायला हवं. परभणीचं कृषी विद्यापीठ ज्या रुंद वरंबा सरीचा आग्रह धरतं, ती इथं उपयोगी पडते: सरीत ओल टिकते आणि जादा पाणी वाफा न खरडता हळू निघतं. त्याच्या जोडीला ओढ्याकाठची पड पट्टी नांगराखाली न घेता राखली पाहिजे. इथं खरी अडचण सुरू होते, कारण ती पट्टी अनेकदा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. तिथलं पीक सोडायला सांगायचं तर दरवर्षी मोबदला द्यावा लागेल. शिवाय जालन्यातल्या शेतकऱ्यानं पाणी थोपवलं तर फायदा सेलूच्या शेतकऱ्याला होणार, आणि आराखडे मात्र जिल्हावार होतात. दुधनेचा आराखडा उगमापासून संगमापर्यंत एकच झाला, तरच हा मोबदला कुणी द्यायचा हे ठरू शकेल.