लाटेवर लाटेचाच उतारा

गोदीत रिकामे मालवाहू जहाज पाहिलेत, तर बहुधा नाळेखाली भोपळ्यासारखा फुगवटा दिसेल. हे बेढब नाक कशासाठी? जहाज चालताना नाळेपाशी लाट उठते. ती उठवण्यात इंजिनाची शक्ती वाया जाते. टोकियो विद्यापीठाच्या ताकाओ इनुई यांनी १९६० च्या सुमारास लांबलचक हौदात प्रतिकृती ओढून दाखवले, की फुगवट्याच्या लाटेचा खळगा नाळेच्या लाटेच्या शिखरावर आणला, तर दोन्ही बऱ्याच अंशी विरतात! प्रतिकृतीची लांबी १/२५ असेल, तर वेग १/५ ठेवावा लागतो. हा विल्यम फ्रूड यांचा नियम.

मात्र नाक ठरावीक वेगालाच उपयोगी. २००८ नंतर इंधन वाचवण्यासाठी जहाजे सावकाश चालू लागली, तेव्हा काहींची नाके कापून नवी बसवावी लागली.