जुन्या मोटारसायकलीचा व्यवहार : नाव बदलेपर्यंत विक्री अपुरी

खरिपाचा माल बाजारात जाऊन हाती चार पैसे आले की खेड्यापाड्यांतून जुन्या मोटारसायकलींच्या खरेदी-विक्रीस जोर येतो. डेअरीवर दूध पोहोचविणे, खताची गोणी आणणे, मुलास तालुक्याच्या शाळेत सोडणे ही कामे आज मोटारसायकलीवाचून अडतात, आणि नवी गाडी प्रत्येकास परवडतेच असे नाही. तेव्हा जुनी गाडी घेण्यात गैर काहीच नाही. नवल वाटते ते एवढेच की, जो शेतकरी बैल घेताना त्याचे दात पाहतो, त्यास जुंपून चालवून पाहतो आणि बाजाराची पावती घेतल्याखेरीज कासरा हाती धरीत नाही, तोच शेतकरी गाडीचा व्यवहार मात्र पारावर बसून, रोख रक्कम मोजून आणि दोन कोऱ्या कागदांवर सह्या करून उरकून टाकतो.

अशा व्यवहारात फसतो तो घेणारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः अधिक काळ धोक्यात राहतो तो विकणारा. मोटार वाहन कायदा, १९८८ यानुसार ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तोच तिचा मालक होय. गाडी कोणाच्या अंगणात उभी आहे, पैसे कोणी मोजले, यास त्या बाबतीत महत्त्व नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या एका निकालात हे स्पष्ट झाले आहे. त्या प्रकरणातील मोटार एका हातातून दुसऱ्या व दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती, परंतु नोंदणीत नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीतील मालकावरच आली.

आता याचा अर्थ शेतकऱ्याच्या घरी काय होतो ते पाहावे. समजा, एकाने आपली जुनी गाडी पंधरा हजारांस विकली. घेणाऱ्याने ना नाव बदलून घेतले, ना विम्याची मुदत वाढविली. पुढे सहा महिन्यांनी त्या गाडीच्या धडकेने कोणी दगावले. कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये भरपाई मागता येते. विमा चालू असेल तर ती कंपनी देते. नसेल तर मालकाने द्यावयाची. आणि मालक म्हणून कागदोपत्री कोण, तर ज्याने गाडी केव्हाच विकली तो. पंधरा हजारांच्या गाडीपायी जमिनीवर गदा येण्याची पाळी अशी येते.

म्हणून नोंदणी पुस्तिका, जिला सर्वजण आर. सी. बुक म्हणतात, तिला गाडीचा सातबारा समजावे. जमीन घेणारा फेरफार नोंदविल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. येथे फेरफाराची जागा नमुना २९ व नमुना ३० घेतात. नमुना २९ ही गाडी हस्तांतरित केल्याची विकणाऱ्याने द्यावयाची सूचना होय. गाडी राज्यातल्या राज्यात विकल्यास ती चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास द्यावी लागते. घेणाऱ्यास त्याच्याकडील अर्जासाठी तीस दिवसांची मुदत आहे. बाजारात यांनाच ‘टी. टी. फॉर्म’ म्हणतात आणि त्यांवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची वाईट चाल दलालांनी पाडली आहे. असा कोरा कागद वर्षभर खिशात फिरतो, गाडी चार गावे हिंडते, आणि पहिल्या मालकास पत्ताही नसतो. घेणाऱ्याचे नाव, पत्ता व तारीख आपल्या डोळ्यांदेखत लिहिल्याखेरीज सही मुळीच करू नये.

घेणाऱ्याने पाहावयाच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. पुस्तिकेतील मालक व समोर बसलेला विक्रेता एकच आहे काय, हे प्रथम पाहावे. मालक मयत असेल तर मुलाने आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घेतली पाहिजे. वडिलांच्या नावावरची गाडी मुलाच्या सहीने घेऊ नये. पुस्तिकेत कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा असेल, तर नुसते ‘हप्ते फिटले’ या शब्दावर विसंबू नये. नमुना ३५ व संस्थेचे ना-हरकत पत्र दाखल करून बोजा उतरवून घ्यावा, मग पैसे द्यावेत. जत, अक्कलकोट यांसारख्या सीमेवरील तालुक्यांत कर्नाटकात नोंदलेली गाडी स्वस्त मिळते, परंतु तिला तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. येथे पुन्हा कर भरावा लागतो तो निराळाच. तो धरून हिशेब केल्यास स्वस्ताई पुष्कळदा उरत नाही. गाडीची पंधरा वर्षे भरत आली असल्यास नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्चही किमतीतून वजा करावा.

यांतील बरीचशी माहिती परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वा ‘एम-परिवहन’ या मोबाइल सुविधेवर गाडीचा क्रमांक घालून मिळते : नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, बोजा. थकलेले ई-चलनही क्रमांकावरून पाहता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास एवढे पाहून दिले तरी मोठे काम होईल.

कागदानंतर गाडी. चासी क्रमांक बहुधा हँडलच्या मानेवर व इंजिन क्रमांक इंजिनच्या कवचावर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने जागा पुसून, वर कागद धरून पेन्सिल घासावी. ठसा पुस्तिकेशी अक्षरशः जुळला पाहिजे. तेथे कानस फिरल्याच्या खुणा वा ताजा रंग दिसल्यास व्यवहार तेथेच सोडावा. गाडी चोरीची निघाली तर पोलीस ती नेतात आणि दिलेली रक्कमही बुडते. इंजिन थंड असताना चालू करून पाहावे व निळसर धूर येतो काय हे न्याहाळावे. दुधाच्या किटल्या वाहिलेल्या गाडीचे मागील शॉकअब्सॉर्बर बहुधा बसलेले असतात. ओळखीचा मेस्त्री बरोबर असणे हे सर्वांत उत्तम.

चालवून पाहण्याच्या निमित्ताने गाडी घेऊन पसार होणारेही भेटतात. अनोळखी माणसास एकट्याने गाडी देऊ नये. त्याची स्वतःची गाडी किंवा सोबती येथे थांबलेला असावा. चालविण्याचा परवाना आधी पाहावा, कारण परवाना नसलेल्यास गाडी दिल्यास मालकासही ५,००० रुपये दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी, शक्यतो बँकेजवळ ठरवावी. पैसे मोबाइलवरून येणार असतील तर एक गोष्ट घरातील सर्वांनी जाणून असावी : पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला, की समोरचा पैसे देत नसून नेत आहे. समोरच्याच्या मोबाइलवरील चित्र वा संदेश खरा न मानता रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

गाडी सोपविताना ताबा पावती दोन प्रतींत करावी. तीत रक्कम, चासी क्रमांक, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण सकाळी विकलेल्या गाडीचा अपघात त्याच सायंकाळी होऊ शकतो. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत कंपनीस कळवावे. विकणाऱ्याने महिन्याभराने गाडीचा क्रमांक घालून पुन्हा एकदा पाहावे. नाव बदललेले नसल्यास घेणाऱ्यास गाठावे, आणि तो टाळाटाळ करू लागला तर ताबा पावतीची नक्कल जोडून परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. ही पोच जमिनीच्या कागदांबरोबर जपून ठेवावी.