जामीन नाकारण्यापूर्वी

अंमली पदार्थांच्या व्यापाऱ्याविषयी समाजाच्या मनात दयामाया नसते. कोवळ्या वयातील मुलांना हेरॉइनची चटक लावून जो स्वतःचे घर भरतो, त्याच्यासाठी कोणी अश्रू ढाळावेत असे नाही. तथापि अमुक मनुष्य असा व्यापारी आहे, हे कोणी आणि केव्हा ठरवावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. एनडीपीएस या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा १९८५ चा अधिनियम हाच प्रश्न तीव्रतेने उभा करतो.

जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असे आपले न्यायशास्त्र सांगते. या अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने ते सूत्र उलटे केले. १९८९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार सरकारी वकिलाने विरोध केल्यास, आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारणे आहेत आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. २००१ च्या दुरुस्तीने ही अट मुख्यत्वे व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरती राखली. गांजा २० किलोहून किंवा हेरॉइन २५० ग्रॅमहून अधिक सापडले, की ते व्यापारी प्रमाण ठरते. अशा गुन्ह्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.

याचा अर्थ असा, की जो प्रश्न खटल्याच्या अखेरीस सुटावयाचा, तो एकाही साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नसताना न्यायाधीशापुढे येतो. शिवाय ताबा सिद्ध झाला, की निर्दोषत्वाचा खुलासा करण्याचा भार आरोपीवर पडतो. म्हणजे झडती आणि पंचनामा हाच जवळजवळ संपूर्ण खटला होय.

यास्तव झडतीच्या कार्यपद्धतीस येथे असाधारण महत्त्व आहे. पूर्वसूचनेवरून संशयिताची अंगझडती घ्यावयाची असेल, तर राजपत्रित अधिकारी अथवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडतीची मागणी करण्याचा हक्क त्याला आहे, हे ५० व्या कलमान्वये त्यास सांगावे लागते. शिक्षा जितकी कठोर तितकी दक्षता अधिक, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेवसिंग प्रकरणात बजावले. या कलमाचे मोघम पालन पुरेसे नाही, ते काटेकोरच हवे, असा निर्णय २०१० मध्ये दुसऱ्या घटनापीठाने दिला. तपास अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबावर शिक्षा आधारता येणार नाही, हे २०२० मध्ये तोफानसिंग प्रकरणात ठरले. अटकेची कारणे अटक झालेल्यास समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वच गुन्ह्यांच्या बाबतीत स्पष्ट झाले.

अशा मुद्द्यांवर आरोपी सुटला, की ‘तांत्रिक कारणाने सुटला’ अशी ओरड होते. तिच्यातील संताप समजण्यासारखा आहे. परंतु तो चुकीच्या दिशेने वळलेला असतो. खिशात सापडलेली पुडी आणि खिशात ठेवलेली पुडी यांत न्यायालयास भेद दाखविणारे साधन कार्यपद्धतीवाचून दुसरे कोणते आहे? खरा गुन्हेगार सुटला असेल, तर त्यास कायद्याने नव्हे, कामचुकार तपासाने सोडले आहे.

दुसरा दोष विलंबाचा. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठीच १८० दिवसांची मुदत असून न्यायालय ती एक वर्षापर्यंत वाढवू शकते. पुढे खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा तो आरोपी सात वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी होता आणि खटला अर्ध्यावरच होता. अवाजवी विलंब झाल्यास ३७ वे कलम जामिनाच्या आड येत नाही, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. पण असा कैदी पुढे निर्दोष ठरल्यास त्याची गेलेली वर्षे कोण परत देणार?

कायदा सैल करा, असे यावरून कोणी म्हणणार नाही. मात्र जामीन नाकारण्याचा असामान्य अधिकार शासनास हवा असेल, तर झडती अक्षरशः नियमानुसार घेणे आणि खटला वेळेत चालविणे हे त्या अधिकाराचे मोल आहे. ते न चुकविता अधिकार तेवढा वापरावयाचा, हे कायद्याच्या राज्यास शोभणारे नाही.