पत्रा न कापता मोठा स्पीकर

मोटारीच्या मागच्या काचेखाली फळीसारखा जो सपाट भाग असतो, त्यात बहुधा दोन छोटे स्पीकर बसवलेले असतात. त्यांच्या जागी मोठे स्पीकर हवे असले, की पहिला विचार येतो तो भोक वाढवण्याचा. पत्रा कापायला अर्धा तास पुरतो. पण पत्रा न कापताही मोठा स्पीकर बसवता येतो आणि तो चांगला वाजतो. तो कसा बसवायचा हे ठरवायला शालेय पुस्तकातले ध्वनी आणि समरूप त्रिकोण हे दोन धडे पुरेसे आहेत. म्हणून हा विषय आपण वर्गाच्या दृष्टीने पाहू.

पत्रा का कापू नये?

स्वतंत्र डिकी असलेल्या मोटारीत हा पत्रा गाडीची डावी आणि उजवी बाजू एकमेकींना जोडतो. त्याचे काम समजायला बुटांचे रिकामे खोके घ्यावे. झाकण काढून खोक्याची दोन टोके विरुद्ध दिशांनी पिळावीत. खोके सहज पिळते. आता झाकण चिकटपट्टीने चारी बाजूंनी पक्के बसवून पुन्हा पिळावे. खोके दाद देत नाही. झाकणात मोठी खिडकी कापली, की कडकपणा पुन्हा कमी होतो. अनेक मोटारींत मागच्या सीटबेल्टची गुंडाळी किंवा लहान मुलाच्या आसनाचा पट्टा अडकवण्याची कडी याच भागात असते. शिवाय कापलेल्या कडेवर रंगाचे संरक्षण उरत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मोठा शंकू कशासाठी?

स्पीकरचा कागदी किंवा प्लॅस्टिकचा शंकू मागेपुढे हलून हवा ढकलतो. १० सेंमी व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौसेंमी, तर १६ सेंमी व्यासाच्या वर्तुळाचे २०१ चौसेंमी, म्हणजे अडीचपट. तेवढीच हवा ढकलायला लहान शंकूला अडीचपट जास्त हलावे लागते. मोकळ्या जागेत १०० हर्ट्झऐवजी ५० हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा ऐकू यायचा, तर चौपट हवा ढकलावी लागते. म्हणून लहान स्पीकरमधून बासरी बरी ऐकू येते, पण डग्ग्याची घुमारी हरवते.

बाजारात ‘सहा बाय नऊ’ नावाचा लंबवर्तुळाकार स्पीकर मिळतो. ही मापे इंचांत असतात. लंबवर्तुळाचे क्षेत्रफळ काढायला दोन्ही अर्धअक्षांच्या गुणाकाराला पायने गुणावे. उत्तर सुमारे २७० चौसेंमी येते, म्हणजे साडेअठरा सेंमी व्यासाच्या वर्तुळाएवढे. प्रत्यक्ष हलणारा भाग कडेची पट्टी वगळून मोजायचा असल्याने तो थोडा कमी भरतो; तुलना मात्र तीच राहते.

पुठ्ठ्याचा प्रयोग

जुन्या रेडिओतला स्पीकर सुटा करून, तारा लांबवून तो हातात धरून वाजवावा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरटा लागतो. आता अर्धा-पाऊण मीटर लांबीरुंदीच्या जाड पुठ्ठ्याला मध्यभागी शंकूएवढे भोक पाडून त्यामागे स्पीकर घट्ट दाबून धरावा. त्याच स्पीकरचा आवाज एकदम भरदार होतो. वर्गातल्या शेवटच्या बाकावरही फरक कळतो.

कारण सोपे आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोर संपीडन आणि त्याच क्षणी मागे विरलन होते. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. तिच्यापुढे स्पीकरच्या कडेभोवतीचे काही सेंटिमीटरचे अंतर नगण्य आहे. त्यामुळे मागचे विरलन कडेला वळसा घालून पुढच्या संपीडनाला गाठते आणि दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. ३,४०० हर्ट्झची तरंगलांबी मात्र जेमतेम १० सेंमी असते. तिथे असे घडत नाही. मध्ये भिंत घातली, की खालचे स्वर वाचतात. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली आजच्या धर्तीच्या स्पीकरवर जो निबंध लिहिला, त्यातही या भिंतीचा विचार होता.

मोटारीत ही भिंत म्हणजे मागचा पत्रा आणि मागच्या बाजूची पेटी म्हणजे डिकी. मोठा स्पीकर बसवताना भोक मोठे असण्यापेक्षा पुढची आणि मागची हवा वेगळी राहणे अधिक महत्त्वाचे आहे. फटी राहिल्या, तर मोठा स्पीकरही सुट्या स्पीकरसारखाच किरटा वाजेल.

लाकडी कडे

स्पीकरची मागची चौकट नरसाळ्यासारखी निमुळती असते. तो उचलून धरला, तर रुंद भाग पत्र्याच्या वर राहतो आणि अरुंद भाग जुन्या भोकातून खाली जातो. किती उचलायचा, हे समरूप त्रिकोण सांगतात. समजा, चौकटीची रुंदी वर १४ सेंमी आणि ६ सेंमी खाली, चुंबकापाशी, ८ सेंमी आहे. म्हणजे दर सेंटिमीटर खोलीला रुंदी एक सेंटिमीटरने कमी होते. पत्र्याचे भोक ११ सेंमीचे असेल, तर निदान ३ सेंमी उचलायला हवे.

त्यासाठी प्लायवूडचे कडे तीन थरांत करावे. वरचे दोन थर प्रत्येकी १८ मिमी जाडीचे आणि १४ सेंमी भोकाचे. सर्वांत खालचा थर १२ मिमी जाडीचा आणि पत्र्याएवढ्याच, ११ सेंमी भोकाचा. थर एकमेकांना चिकटवून खालचा थर पत्र्यातल्या मूळच्या स्क्रूच्या भोकांतूनच आवळावा. स्पीकर वरच्या थराला लावावा. चौकट आणि भोकाची कड यांत काही मिलिमीटर जागा राहू द्यावी, म्हणजे मागच्या हवेला वाट मिळते. कडे आणि पत्रा यांच्यामध्ये, तसेच स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी लावावी.

लाकूड कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना करून पाहावा. वर काच तिरकी असते, तिला स्पीकर टेकता कामा नये. खाली डिकीच्या झाकणाचे पीळदार गज असू शकतात. झाकण दोनतीनदा उघडून-मिटून ते चुंबकाला लागत नाहीत ना, हे बघावे.

तारा जोडताना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला जोडले, की शंकू बाहेर सरकला पाहिजे. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले नाहीत, तर एकाचे संपीडन दुसऱ्याच्या विरलनाला खाते आणि मोठे स्पीकर घेऊनही खालचे स्वर गायब होतात.

जिथे पत्राच नसतो

हॅचबॅक गाडीत मागे पत्रा नसून उचलता येणारा पार्सल ट्रे असतो. तिथे काम सोपे वाटते: प्लायवूडचा ट्रे करून त्याला हवे तेवढे भोक पाडायचे. पण धोका इथेच आहे. स्पीकरसह ट्रेचे वजन ८ किलो धरले आणि गाडीचा वेग ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर धरला, तर ट्रेची गतिज ऊर्जा ९०० ज्यूल होते. हा वेग सुमारे साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरून पडणाऱ्या वस्तूचा आहे. गाडी धडकून थांबली, तर सुटा ट्रे थांबत नाही आणि त्याच्या वाटेत मागच्या सीटवर बसलेल्यांची डोकी असतात. त्यामुळे असा ट्रे बाजूच्या आधारांना, मूळच्या भोकांतून, नट-बोल्टने आवळलेला असावा. तसे जमत नसेल, तर लहान स्पीकरवरच समाधान मानावे. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे आणि ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांना मागच्या ट्रेवर काय काय सुटे ठेवलेले असते, याची यादी करून आणायला सांगावे.