डब्याचा नियम आणि भाकरीचा मान

जून उजाडतो, शाळेची घंटा होते आणि पहिल्याच पालकसभेत सूचनांचा कागद हातात पडतो. गणवेश, वह्या, फी आणि शेवटी डबा. ‘डब्यात पोळी-भाजीच द्यावी. वेफर्स, नूडल्स, बिस्किटे आणू नयेत.’ वाड्यावस्त्यांवरची पोरं गाड्या भरभरून तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली, तसा हा कागद खेड्यातही आला.

कागदाचा हेतू चांगला आहे, यात वाद नाही. राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहात वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर असले पदार्थ विकायला बंदी केली. पुढे २०२० मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जास्त तेल, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा नियम केला. पण नीट पाहा, हे नियम विक्रीचे आहेत. पोराच्या डब्यात काय असावं, हे बहुतेक ठिकाणी शाळाच ठरवते. आणि घोडं अडतं ते इथेच.

पोळीच का?

ज्या घरात बारा महिने ज्वारी-बाजरी खाल्ली जाते, तिथल्या पोराने पोळीच का आणावी? सूचनेत ‘पोळी’ लिहिलं की भाकरी आपोआप हलकी ठरते. मग पोरगं भिंतीकडे तोंड करून डबा उघडतं, नाहीतर ‘भाकरी नको, पुडा दे’ म्हणून आईजवळ हट्ट धरतं. म्हणजे जो पुडा बंद करायचा, त्याचीच वाट नियमाने मोकळी केली!

आता हिशेब करू. शाळेतल्या पोषण आहारासाठी सरकारने पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असं माप ठरवलं आहे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक मोठी भाकरी घ्या. तिच्यात सुमारे ३३० उष्मांक आणि १० ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी दिली, की आणखी सुमारे १३० उष्मांक आणि ६ ग्रॅम प्रथिने. सरकारी माप भरून वर उरतं. बाजरीत गव्हापेक्षा लोह जास्त. कोकणातली नाचणी तर १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं गेलं, ते याच धान्यांसाठी.

आईच्या कामाचं काय?

डबा करणारी बाई सकाळी आठला खुरपणीला निघते. त्याआधी पाणी, शेणघाण, चूल. ‘रोज वेगळी भाजी’ असं वेळापत्रक तिच्या हाती देऊन भागत नाही. घाईच्या दिवशी पाच रुपयांचा पुडा तिला सोपा पडतो, तो लाड म्हणून नव्हे. तिला सोयीचं असं सांगावं: गरम पाण्यात पीठ मळून केलेली भाकरी किंचित तेल लावून फडक्यात गुंडाळली तर दुपारपर्यंत मऊ राहते. धपाटे, थालीपीठ टिकतात. गूळ-शेंगदाणे द्यायला चूल पेटवावी लागत नाही. उन्हाळ्यात मात्र पातळ, ओल्या भाज्या बंद डब्यात आंबतात, त्या टाळाव्यात.

अंड्याचंही तसंच. शासनाने २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं दिलं आणि न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी बंद झाला, म्हणून अंड्याचा कस काही कमी झाला नाही. घरचं अंडं डब्यात आलं तर नाक मुरडू नये.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. डब्याचा नियम तिथे, आयांना विचारून व्हावा. आणि गुरुजी-बाईंनी एक करावं, आठवड्यातून एकदा पोरांच्या पंगतीत बसून स्वतःच्या डब्यातली भाकरी सर्वांसमोर मोडावी. त्याने पोरांची लाज जितकी जाईल, तितकी दहा सूचनांनी जाणार नाही.