पुढची तारीख

सकाळी ९.३०
कोथरूडमधला छोटा दवाखाना. मदतनीस दादा शटर वर करतो आणि आधी फ्रीज उघडतो. ४ अंश. २ ते ८च्या बाहेर गेलं की लशीचा भरवसा नाही. रात्री वीज गेली होती. शेजारच्या दुकानदाराला तो विचारून येतो, किती वेळ? दहा मिनिटं. वहीत आकडा, पुढे सही.

१०.१५
आजी उशीच्या अभ्र्यातून पिल्लू काढतात. नऊ आठवड्यांचं, ९०० ग्रॅम. डॉक्टर ताप बघतात, हिरड्या बघतात. मग तिहेरी लस: मांजरांचा पार्व्हो, हर्पिस, कॅलिसी. एका कुपीत वाळलेली वडी, दुसरीत पाणी. पाणी सिरिंजमध्ये ओढून वडीवर सोडायचं, कुपी हलकेच फिरवायची, लगेच टोचायचं. दादा पिल्लाला टॉवेलात गुंडाळतो, उजवा पुढचा पाय तेवढा बाहेर. चिमटीत कातडी, सुई आत. पिल्लू दादाचा अंगठा चाटत असतं.

कुपीवरचं स्टिकर कार्डावर. नऊशे रुपये. आजी बटव्यातून नोटा मोजतात.

"परत कशाला यायचं रे?"

"आजी, आईच्या दुधातली ताकद अजून अंगात असेल तर ती लशीलाच मारते. ती कधी ओसरेल, कुणाला सांगता येत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत."

नऊशे रुपये थोडे नाहीत. तरी पहिल्या डोसवर थांबणं मला जास्त महाग वाटतं.

दुपारी १.००
तीन महिन्यांचं पिल्लू, लस एकही नाही. पिवळ्या उलट्या. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, पीत नाही. त्याला मागच्या दाराने घेतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार घसरल्यात. पार्व्होच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक.

दादा ॲप्रन बदलतो. स्पिरिटने हा विषाणू मरत नाही. लिटरभर पाण्यात तीस मिली ब्लीच, टेबल ओलं ठेवून दहा मिनिटं. तो घड्याळ लावतो. आठ मिनिटांनी कुणी घाई केली तरी फडकं उचलत नाही. घरात हा विषाणू वर्षभर टिकू शकतो, चपलेला चिकटून आत येतो. उंबरा न ओलांडणारी मांजरंही म्हणूनच सुटत नाहीत.

५.३०
दोन बोके, रेबीजची लस. उजवा मागचा पाय. दादाच्या मनगटावर एक ओरखडा. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली.

रात्री ८.४५
दादाच्या महिना तेरा हजारांच्या पगारात आठवणीचे फोनही येतात. उद्याच्या तारखांची यादी. "पगार झाल्यावर आणतो, दादा." तो नवी तारीख लिहितो. शेवटचा फोन दुपारच्या पिल्लाच्या घरी.

"घरात दुसरं मांजर आहे ना? लस झालीय?"

नाही.

"ते ठणठणीत दिसत असलं तरी उद्या आणा. पण साडेआठला, सगळे गेल्यावर."