डोंगर, घाट आणि प्राचीन नगरें

ग्रीस देशांत डोंगरांनीं खोरीं परस्परांपासून तोडलीं, म्हणून तेथें स्वतंत्र नगरराज्यें उदयास आलीं. त्यांचें दळणवळण मुख्यतः समुद्रानें चाले. आपल्याकडे भूमीचा परिणाम निराळा झाला. सह्याद्रि भिंतीसारखा उभा असला तरी त्यास घाट आहेत. नाणेघाटांत राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. याच वाटेनें कोंकणांतील बंदरें जुन्नरशीं व पुढें गोदातीरच्या प्रतिष्ठानाशीं जोडलीं गेलीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठण भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या, आणि तगर, म्हणजे तेर, तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें आहे.

आमचें अमडापूर वऱ्हाडच्या बालाघाटांत; उत्तरेस अजिंठ्याचा डोंगर उतरतांच पूर्णेचा पयानघाट लागतो. याच डोंगराच्या दक्षिणेस केळणेकांठीं भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन आहे. तेथील रहिवाशांचीं दानें सांचीच्या लेखांत नोंदलीं आहेत. तेथें मिळालेली हस्तिदंती मूर्ति पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं मिळतीजुळती आहे. डोंगरांनीं हीं नगरें कोंडलीं नाहींत. घाटांनीं तीं जगाशीं जोडलीं.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, नाणें मिळतांच त्याचें प्राप्तिस्थान टिपून ठेवावें. स्थळ हरवलें कीं वाट हरवते. मग नाणें केवळ धातूच उरतें.